मशीन कंट्रोलसाठी एम्बेडेड लिनक्सचा झटपट बूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यू-बूट (कर्नलला मेमरीत आणून सुरू करणारा बूटलोडर), लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि बिल्डरूट किंवा योक्टो या बांधणीच्या साधनांनी तयार केलेली रूट फाइलसिस्टम असलेला, मोटर आणि व्हॉल्व्ह ठरल्या वेळेत हलवणारा कंट्रोलर डोळ्यासमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. बोर्ड कोणताही असो, मुद्दे बहुतेक तेच राहतात.

बूट पूर्ण झाला असं नेमकं कधी म्हणायचं?

लॉगिन प्रॉम्प्ट आला म्हणून बूट झाला, असं मशीनच्या बाबतीत म्हणता येत नाही. कंट्रोल लूपने (ठरल्या वेळेने पुन्हा पुन्हा चालणारा नियंत्रणाचा कोड) सगळ्या ड्राइव्हकडून (मोटर चालवणारी उपकरणं) ताजा डेटा वाचला, आउटपुट लिहिलं आणि सलग काही हजार सायकल एकही वेळ न चुकवता पार पाडल्या, की बूट पूर्ण. १ मिलिसेकंदाच्या लूपसाठी ५,००० सायकल, म्हणजे ५ सेकंद, हा निकष ठेवायला हरकत नाही. वेळ पहिल्या बरोबर सायकलची नोंदवायची, पण पुढच्या ५,००० सायकल स्वच्छ गेल्या तरच ती नोंद धरायची. ही व्याख्या कामाला हात घालण्याआधी कागदावर उतरवा. नाहीतर बूटची वेळ अर्ध्यावर आली म्हणून समाधान मानलं जातं आणि मशीन मात्र पूर्वीइतकाच वेळ ताटकळत राहतं.

मोजायचं कसं?

दोन साधनं लागतात. पहिलं ग्रॅबसिरियल: सिरियल कन्सोलवर येणाऱ्या प्रत्येक ओळीवर ते वेळेचा शिक्का मारतं. दुसरं ऑसिलोस्कोप, आणि खरं उत्तर त्याच्याकडेच असतं. पहिला चॅनल बोर्डच्या २४ व्होल्ट इनपुटवर लावून तिथेच ट्रिगर ठेवा, दुसरा एका मोकळ्या जीपीआयओ पिनवर (सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणारी पिन). एसपीएलमध्ये (यू-बूटचा छोटा पहिला टप्पा) शिरताच ती पिन वर करा, कर्नलकडे उडी मारण्याआधी खाली आणा, ॲप्लिकेशनच्या पहिल्या ओळीत पुन्हा वर करा आणि लूप सुरू झाल्यावर दर सायकलला उलटवत राहा. सगळा बूट एका चित्रात दिसतो.

कर्नल लॉगमधल्या वेळेवर विसंबू नका. बूटलोडरने आणि इमेज उलगडण्याने खाल्लेला वेळ त्यात साधारणपणे धरलेला नसतो. पॉवर सप्लाय स्थिर होणं, रीसेट चिपचा विलंब आणि प्रोसेसरचा आतला रॉम कोड यांतही कित्येकदा शे-दोनशे मिलिसेकंद जातात. सॉफ्टवेअरला ते कधीच दिसत नाहीत.

मोजणी थंड बूटचीच करा. रीबूट कमांड दिल्यावर इथरनेट फी (पीएचवाय, म्हणजे केबलवरचे सिग्नल सांभाळणारी चिप) आणि इएमएमसी (बोर्डवरची फ्लॅश स्टोरेज चिप) यांची पॉवर बहुधा जातच नाही, त्यामुळे आकडा फसवा येतो. सप्लाय तोडा, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबा, मग चालू करा. असं किमान ५० वेळा करा आणि सरासरीऐवजी सर्वांत वाईट वेळ नोंदवा.

सुरुवात कुठून करायची? कर्नलपासून?

नाही, शेवटाकडून. आधी ॲप्लिकेशन, मग इनिट (कर्नलने सुरू केलेली पहिली प्रोसेस), मग कर्नल, सगळ्यात शेवटी बूटलोडर. कर्नल आणि बूटलोडर आधीच छाटले, तर ॲप्लिकेशनचं मोजमाप करायला लागणारी एसट्रेस, पर्फ यांसारखी साधनंच चालेनाशी होतात. शिवाय बहुतेक तयार इमेजमध्ये सर्वाधिक वेळ यूजरस्पेसमध्येच (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) जातो.

तासाभरात पदरात पडतील असे बदल कोणते?

यू-बूटमधलं बूटडिले सहसा २ सेकंद असतं. ते उणे २ केलं की थांबणंही नाही आणि कीबोर्डची कळ दाबली का हे बघणंही नाही. उणे १ लिहू नका. त्याने ऑटोबूटच बंद होतो आणि बोर्ड प्रॉम्प्टवर बसून राहतो.

कर्नलच्या कमांड लाइनवर क्वाएट लिहा. हिशोब सोपा आहे: ११५२०० बॉडवर सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. २०,००० अक्षरांचा लॉग कन्सोलवर सोडायला सुमारे १.७ सेकंद लागतात. क्वाएट लिहिलं तरी संदेश बफरमध्ये राहतातच, नंतर डीमेसगने वाचता येतात.

नेटवर्क येईपर्यंत थांबणारी वेट-ऑनलाइन सेवा बंद करा. सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा इनिट) याच्या नेटवर्कडीसोबत येणाऱ्या या सेवेची मुदत मुळात १२० सेकंदांची असते, आणि केबल काढून ठेवलेल्या मशीनवर ती पूर्ण मुदत खाते.

यू-बूट सुरू होताना यूएसबी शोधत असेल किंवा नेटवर्कवरून बूट करायचा प्रयत्न करत असेल, तर तेही काढा.

फाल्कन मोड म्हणजे काय? त्यात कुठे फसायला होतं?

नेहमीच्या क्रमात छोटा एसपीएल मोठ्या यू-बूटला मेमरीत आणतो आणि मोठा यू-बूट कर्नलला. फाल्कन मोडमध्ये एसपीएल थेट कर्नलच चढवतो, मधला मुक्काम गाळतो. ३२-बिट आर्मवर हे तुलनेने सोपं आहे. ६४-बिट आर्मवर ट्रस्टेड फर्मवेअरही त्याच इमेजमध्ये बांधून एसपीएलच्या हाती द्यावं लागतं.

फसायला होतं ते मोठा यू-बूट गुपचूप करत असलेल्या कामांमुळे. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरचं कर्नलसाठीचं वर्णन) मेमरीचा आकार आणि मॅक ॲड्रेस भरणं, काही पिनांचं मल्टिप्लेक्सिंग, फीचा रीसेट ही सगळी कामं तोच उरकत असतो. यावर उपाय म्हणून एसपीएल एक्सपोर्ट कमांडने तयार डिव्हाइस ट्री एकदाच बनवून साठवतात. पण त्या ट्रीमध्ये ज्या बोर्डवर कमांड चालवली त्याचाच मॅक ॲड्रेस गोठतो. तीच फाइल शंभर बोर्डांवर गेली की शंभरही बोर्ड नेटवर्कवर एकाच ओळखीने उभे राहतात. मॅक ॲड्रेस कर्नलने ईप्रॉममधून किंवा चिपच्या फ्यूजमधून वाचावा अशी सोय डिव्हाइस ट्रीतच करून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे परतीची वाट न ठेवणं. एसपीएलमध्ये मोठ्या यू-बूटकडे जायचं की नाही हे ठरवणारं फंक्शन आपणच लिहायचं असतं. त्यात दोन अटी हव्याच: बोर्डवरचा जंपर लावलेला असेल, किंवा मागचा रीसेट वॉचडॉगने (सॉफ्टवेअर अडकलं तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) दिलेला असेल, तर मोठा यू-बूट.

एसपीएलमध्ये डेटा कॅश चालू आहे ना, हेही पाहा. कॅश बंद असताना इमेज उलगडायला इतका वेळ लागतो की फाल्कन मोडचा सगळा फायदा बुडतो.

कर्नल छोटा करायचा की जलद उलगडणारा?

दोन्ही, पण त्यांचा मेळ स्टोरेजच्या वेगाशी घालावा लागतो. इएमएमसी सेकंदाला ४० मेगाबाइट देत असेल, तर १० मेगाबाइटची न दाबलेली इमेज २५० मिलिसेकंदांत येते. दाबून ती ५ मेगाबाइट केली तर वाचनाचे १२५ मिलिसेकंद वाचले. उलगडायला त्याहून कमी वेळ लागला तरच हा सौदा परवडतो. एलझेड४ बहुतेक वेळा जिंकतं. एक्सझेड आकाराने सर्वांत लहान, पण उलगडायला फार संथ, म्हणून इथे निरुपयोगी. स्टोरेज वेगवान आणि प्रोसेसर दुबळा असेल तर इमेज अजिबात न दाबणंच बरं.

त्यानंतर कमांड लाइनवर इनिटकॉल_डीबग लावा आणि मिळालेला लॉग कर्नलच्या स्क्रिप्ट्समधल्या बूटग्राफला द्या. कोणत्या ड्रायव्हरने किती वेळ घेतला याचं चित्र मिळतं. न वापरलेली उपकरणं डिव्हाइस ट्रीमध्ये डिसेबल्ड करा. रूट फाइलसिस्टम आणि कंट्रोल बस यांना लागणारे ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधा. आवाज, कॅमेरा, यूएसबी स्टोरेज यांची मॉड्यूल करा.

एखादा रेग्युलेटर किंवा क्लॉक डिव्हाइस ट्रीमध्ये आहे आणि त्याचा ड्रायव्हरच बांधलेला नाही, असं झालं तर त्यावर अवलंबून असलेलं उपकरण वाट बघत लटकतं. मॉड्यूल चालू असलेल्या कर्नलमध्ये ही मुदत मुळात १० सेकंदांची असते. बूटमध्ये बरोबर १० सेकंदांची पोकळी दिसली तर पहिला संशय याचाच घ्या.

प्रीएम्प्ट-आरटीमुळे बूट मंदावतो का?

थोडासा, आणि तोही निराळ्या कारणांनी. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे कर्नलला ठरल्या वेळेत उत्तर द्यायला लावणारी रिअल-टाइम सोय, मूळ कर्नलमध्ये आली ती ६.१२ या आवृत्तीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्ही यांच्यासाठी. जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळा पॅच लागतो.

कर्नल सुरू होताना आरसीयूची (कोअरमध्ये सामायिक डेटा सुरक्षितपणे बदलण्याची कर्नलची पद्धत) काही कामं घाईच्या पद्धतीने उरकली जातात. आरटी कर्नलमध्ये इनिट सुरू होताच ही घाई बंद होते, कारण तिच्यात इतर कोअरना मध्येच व्यत्यय द्यावा लागतो. त्यामुळे माउंट करणं, मॉड्यूल चढवणं यांसारखी कामं यूजरस्पेसमध्ये किंचित रेंगाळतात. यावर इलाज एकच, अशी कामं कमी करणं.

खरी ओढाताण कोअर वेगळा ठेवण्यावरून होते. दोन कोअरच्या बोर्डवर आयसोलसीपीयूज लावून एक कोअर राखून ठेवला, तर सगळं यूजरस्पेस उरलेल्या एकाच कोअरवर बूट होतं, आणि राखलेला कोअर लूप सुरू होईपर्यंत नुसता बसून असतो. म्हणून बूटपुरते दोन्ही कोअर खुले ठेवा. लूप सुरू व्हायच्या क्षणी सीग्रुपच्या सीपीयूसेटने बाकीच्या प्रोसेस एका कोअरवर ढकला आणि दुसरा मोकळा करा. नोएचझेड_फुल (राखलेल्या कोअरवरची टायमरची टिकटिक थांबवणारा पर्याय) मात्र कमांड लाइनवरच द्यावं लागतं.

लॉकडेप (लॉकच्या चुका शोधणारी तपासणी) आणि तत्सम डीबगचे पर्याय कर्नलमध्ये राहून गेले असतील तर बूटही सुस्तावतो आणि लेटन्सीही (प्रतिसादाचा विलंब) बिघडते. आधी तेवढं तपासून घ्या.

सिस्टमडी ठेवायचा की काढायचा?

उद्दिष्ट ३ ते ५ सेकंदांचं असेल तर ठेवा. एका सेकंदाच्या आत यायचं असेल तर बिझीबॉक्सचा इनिट, किंवा थेट आपला छोटा प्रोग्रॅमच इनिट म्हणून.

सिस्टमडी ठेवलात तर कंट्रोल ॲप्लिकेशनच्या युनिटमध्ये डिफॉल्टडिपेंडन्सीज नो करा. मग ते सगळी पूर्वतयारी संपायची वाट न बघता लगेच सुरू होतं. मात्र त्याबरोबर शटडाउनच्या वेळी नीट थांबवलं जाण्याची हमीही जाते. कॉन्फ्लिक्ट्स आणि बिफोर या दोन्ही ओळींत शटडाउन टार्गेट स्वतः लिहा, नाहीतर मशीन बंद करताना ड्राइव्ह व्यवस्थित न थांबवताच प्रोसेस मारली जाईल. शोध घेताना सिस्टमडी-ॲनलाइझचं ब्लेम नव्हे, क्रिटिकल-चेन वाचा. ब्लेममध्ये वर दिसणारी सेवा समांतर चालत असेल तर ती काढून एक मिलिसेकंदही वाचत नाही.

स्वतःचा प्रोग्रॅम इनिट केलात तर प्रॉक, सिस आणि देव माउंट करणं, मेलेल्या चाइल्ड प्रोसेस गोळा करणं ही कामं तुमची. आणि तो प्रोग्रॅम कधीही संपता कामा नये. संपला की कर्नल पॅनिक.

फाइलसिस्टम कोणती?

रूट फक्त वाचता येणारी स्क्वॉशएफएस, आणि लिहिण्यासाठी वेगळं डेटा पार्टिशन. ते लूप सुरू झाल्यानंतर माउंट करा. मशीनचा मुख्य स्विच कधीही फिरवला जातो. लिहिता येणारी रूट असेल तर कधीतरी जर्नल दुरुस्तीचा किंवा पूर्ण तपासणीचा वेळ बूटमध्ये येणारच.

कच्च्या नँड फ्लॅशवर यूबीआय (नँडचे ब्लॉक सांभाळणारा थर) जोडताना प्रत्येक ब्लॉकचं शीर्षक वाचलं जातं, त्यामुळे वेळ फ्लॅशच्या आकाराबरोबर वाढत जातो. बूटला लागणारं छोटं पार्टिशन वेगळं ठेवलं की हा वेळ आवाक्यात राहतो.

कर्नल दीड सेकंदात येतो, तरी इथरकॅट चालू व्हायला आणखी सात-आठ सेकंद का?

इथरकॅट म्हणजे कंट्रोलर (मास्टर) आणि ड्राइव्ह (स्लेव्ह) यांना इथरनेटच्या तारांनी जोडणारी कंट्रोल बस. या प्रश्नात बहुतेक प्रकल्प अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी ड्राइव्ह स्वतः किती वेळात जागा होतो ते मोजा. कित्येक सर्वो ड्राइव्ह स्वतःच काही सेकंद घेतात. ड्राइव्हला ६ सेकंद लागत असतील तर कंट्रोलर २ सेकंदांवरून १ वर आणण्यात मशीनचा काहीच फायदा नाही. कॅनओपनवर (कॅन बसवर चालणारी अशीच एक पद्धत) हे मोजणं सोपं: जागं झालेलं नोड हेक्स ७०० अधिक स्वतःचा क्रमांक या आयडीवर शून्य किमतीचा एक बाइट पाठवतं. कॅन ॲनलायझर लावा आणि वेळ टिपा.

मग लिंक. इथरनेटच्या ऑटोनिगोशिएशनमध्ये (दोन्ही टोकांनी वेग आपसात ठरवणं) लिंक तोडून थांबण्याचा काळच १.२ ते १.५ सेकंदांचा आहे. तो प्रमाणातच ठरलेला आहे, कमी करता येत नाही. पण तो दुसऱ्या कामाच्या पोटात दडवता येतो. बूटलोडरमध्ये फीचा रीसेट सोडा, निगोशिएशन सुरू करा आणि तिथे न थांबता कर्नल चढवायला घ्या. कर्नल येईपर्यंत बराचसा काळ उलटलेला असतो. मात्र दोन अटी आहेत. डिव्हाइस ट्रीमध्ये फीच्या रीसेट पिनचा उल्लेख असेल तर कर्नल तिला पुन्हा रीसेट करतो आणि घड्याळ परत शून्यावर येतं, म्हणून तो उल्लेख काढा. आणि बूटलोडरने जाहीर केलेले वेग कर्नल जाहीर करणार तेच असू द्या. ते बदलले की निगोशिएशन पुन्हा पहिल्यापासून.

वेळ वाचवायला मास्टरवर १०० मेगाबिट फुल-डुप्लेक्स सक्तीने लावण्याचा मोह होतो. तो टाळा. समोरचं उपकरण निगोशिएशन करत असेल आणि आपण करत नसू, तर ते वेग ओळखतं पण हाफ-डुप्लेक्स धरतं. इथरकॅटला फुल-डुप्लेक्स लागतं.

शेवटी बसची चढण, म्हणजे स्लेव्हच्या क्रमाने येणाऱ्या अवस्था: इनिट (लिनक्सचा इनिट नव्हे), प्री-ऑप, सेफ-ऑप, ऑप (प्रत्यक्ष काम). मास्टर प्रत्येक स्लेव्हचा ईप्रॉम वाचतो, आणि ते संथ काम आहे. मशीनची रचना ठरलेली असेल तर ओळख पटवण्यापुरतेच शब्द वाचा. प्री-ऑपमध्ये प्रत्येक ड्राइव्हला पाठवायची पॅरामीटर एकामागून एक न पाठवता सर्व स्लेव्हना समांतर पाठवा. जी पॅरामीटर ड्राइव्हच्या स्वतःच्या मेमरीत टिकतात ती दर बूटला लिहू नका, फक्त बरोबर आहेत का ते तपासा.

लूप लवकर सुरू होतो, पण पहिले काही सेकंद जिटर भयंकर असतो. का?

जिटर म्हणजे सायकलच्या वेळेतला चढउतार. तो वाढतो, कारण लूप सुरू झाला तरी मागे बूट चालूच आहे. मॉड्यूल चढताना कर्नल स्वतःच्या कोडमध्ये जागच्या जागी बदल करतो आणि त्यासाठी सगळ्या कोअरना, राखलेल्या कोअरलाही, व्यत्यय देतो. एसएसएचच्या की पहिल्यांदा बनत असतात, लॉग डिस्कवर उतरत असतो, यूएसबी हब मोजले जात असतात. इथरकॅट स्लेव्हचा वॉचडॉग मुळात १०० मिलिसेकंदांचा असतो. तेवढा वेळ डेटा आला नाही तर स्लेव्ह ऑपमधून बाहेर पडतो आणि सगळी चढण पुन्हा चढावी लागते.

लागणारी मॉड्यूल लूपच्या आधी चढवा, न लागणारी कधीच नको. एसएसएचच्या की कारखान्यातच बनवा. ॲप्लिकेशनमध्ये एमलॉकऑल वापरून सगळी मेमरी आणि स्टॅक आधीच स्पर्शून घ्या, थ्रेड स्केड-फिफोवर (कठोर प्राधान्याची पद्धत) ठेवा आणि प्रोसेसरचा वेग परफॉर्मन्स गव्हर्नरने स्थिर करा. मग सायक्लिकटेस्ट (लेटन्सी मोजणारा प्रोग्रॅम) बूटनंतर तासाभराने नाही, बूटच्या पहिल्या सेकंदापासून चालवा. मशीन प्रत्यक्ष अनुभवतं ती लेटन्सी तीच.

बूट होत असताना ड्राइव्ह एनेबलची पिन चुकून वर गेली तर?

तर मोटर हलू शकते. यासाठी सॉफ्टवेअर नव्हे, रेझिस्टर लागतो. रीसेटमध्ये प्रोसेसरची पिन इनपुट असते, आणि अनेक चिपवर आतला पुल-अप चालू असतो. समजा तो ५० किलोओहमचा आहे आणि बोर्डवर ४७ किलोओहमचा पुल-डाउन लावला आहे. मग ३.३ व्होल्टवर पिनला सुमारे १.६ व्होल्ट मिळतात, म्हणजे धड शून्य नाही की एक नाही. पुल-डाउन १० किलोओहमचा केला तर ०.५५ व्होल्ट, ४.७ किलोओहमचा केला तर ०.२८. पुढच्या गेटची शून्याची मर्यादा ०.८ व्होल्ट असेल तर ४.७ किलोओहम निर्धास्त.

बूट वेगवान करताना पिनांची मांडणी बूटलोडरकडून कर्नलकडे सरकवली जाते आणि हा अनिश्चित काळ लांबतो. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर एनेबलची लाइन ऑसिलोस्कोपवर पाहायलाच हवी. आणि माणसाच्या सुरक्षेचं सर्किट, म्हणजे इमर्जन्सी स्टॉप आणि ड्राइव्हचं सेफ टॉर्क ऑफ, या कंट्रोलरवर अवलंबून ठेवू नका. ते स्वतंत्र तारांनी जोडलेलं असतं.

२०० मिलिसेकंदांच्या आत हालचाल हवी असेल तर?

मग लिनक्सला त्या वाटेवरून बाजूला करा. एसटीएम३२एमपी१ किंवा आय.एमएक्स ८एम मिनीसारख्या चिपमध्ये मोठ्या कोअरशेजारी कॉर्टेक्स-एम४ असतो. त्यावर झेफिर, फ्रीआरटीओएस किंवा नटएक्स यांसारखी छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टम चढवून तो यू-बूटमधूनच सुरू करता येतो. तातडीचा कंट्रोल तिथे, स्क्रीन आणि नेटवर्क लिनक्सवर. एएम३३५एक्सवर दोन पीआरयू (ठरल्या वेळेत चालणारे छोटे प्रोसेसर) आहेत, २०० मेगाहर्ट्झचे, बहुतेक इन्स्ट्रक्शन ५ नॅनोसेकंदांत. स्टेपरचे पल्स काढायला ते उत्तम.

इथे एक खड्डा ठरलेला आहे. लिनक्स बूटच्या शेवटी कोणी न मागितलेले क्लॉक बंद करतो. छोटा कोअर वापरत असलेला टायमर किंवा यूआर्ट लिनक्सला ठाऊक नसतो, त्यामुळे त्याचाही क्लॉक जातो आणि व्यवस्थित चाललेला एम४ एकाएकी गप्प होतो. खात्री करायला कमांड लाइनवर सीएलके_इग्नोर_अनयूज्ड लावून पाहा. प्रश्न सुटला तर ते क्लॉक आणि पेरिफेरल डिव्हाइस ट्रीमध्ये राखीव करा.

वॉचडॉग कधी सुरू करायचा?

एसपीएलमध्येच. कर्नलचा ड्रायव्हर चालू वॉचडॉग ओळखून स्वतः त्याला थोपवत राहतो, तेव्हा यूजरस्पेस कधी उठलंच नाही तर रीसेट येत नाही. वॉचडॉगच्या ओपन_टाइमआउट पॅरामीटरला मुदत द्या. मुदत सर्वांत वाईट बूटच्या दुप्पट तरी हवी, नाहीतर एखाद्या मंद बूटला बोर्ड रीसेटच्या फेऱ्यांत अडकतो.

स्लीप किंवा हायबरनेट वापरून काम भागेल का?

मुख्य स्विचने वीज जात असेल तर स्लीप शक्य नाही. हायबरनेटमध्ये जुनी अवस्था परत येते, पण दरम्यान अक्ष हाताने सरकवलेला असू शकतो. मशीन कंट्रोलसाठी दोन्ही टाळावेत.

पन्नासातला एखादाच बूट खूप लांबतो. शोधायचं कसं?

लांबलेल्या बूटचा ग्रॅबसिरियल लॉग चांगल्या बूटच्या लॉगशेजारी ठेवा आणि दोघांमध्ये फाटा कुठे फुटतो ती ओळ शोधा. फाटा लिंक येण्याच्या ओळीवर असेल तर केबल, कनेक्टर आणि फीचा रीसेट पल्स तपासा. माउंटच्या ओळीवर असेल तर मागच्या वेळी वीज कधी तोडली होती ते पाहा. इएमएमसी ओळखण्याच्या ओळीवर असेल, तर पॉवर तोडून लगेच चालू केल्याने त्या चिपचा व्होल्टेज पूर्ण खाली गेला नसण्याची शक्यता असते. सप्लाय तोडण्याचा काळ बदलत ५० बूट पुन्हा घ्या. ५.४च्या आधीचा कर्नल असेल तर यादृच्छिक आकड्यांसाठी गेटरँडम अडकून बसतो आणि कोणीतरी की दाबली किंवा नेटवर्कवर हालचाल झाली की सुटतो. टेबलावर नेहमी चांगला आणि बंद कॅबिनेटमध्ये कधीकधीच मंद, असं वागणं दिसलं तर आधी कर्नलची आवृत्ती बघा.